हत्तीचे मागचे पाय

व्हिलरमे, ९ नोव्हेंबर १६४६

सिजिस्मों,

तुझी खुशाली विचारत नाही. राजधानीत शेकोटीशी बसून पाय हलवणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय?

काल ग्रीव्हच्या किल्ल्यावर जाऊन बाबांना भेटून आले. खोकला छातीत उतरलाय. बोलता बोलता थांबतात, भिंतीला धरतात, मग काही झालंच नाही अशा थाटात विचारतात, "आपल्या बकऱ्या कशा आहेत?" वैद्य म्हणाला, हा हिवाळा त्या खोलीत निघेल, पुढचा निघणार नाही. मी हे त्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण तुला झोप लागते.

तीन वर्षं झाली. मला अजून कुणी विचारलं, तुमचे वडील कोणत्या गुन्ह्यासाठी आत आहेत, तर सांगताना माझीच जीभ अडखळते. दालनातून निघताना ड्यूक महाराजांच्या खुर्चीकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी जायचं, हा तुमच्या दरबाराचा कायदा. बाबांचा गुडघा मध्येच आखडला, ते वळले आणि चार माणसं चालतात तसे सरळ चालत बाहेर गेले. झालं! महाराजांच्या खुर्चीला पाठ. आणि खुर्चीत महाराज होते का? नव्हते. ते आतल्या खोलीत दाढ उपटून घेत होते. रिकाम्या खुर्चीचा अपमान केला म्हणून तुझा बाप किल्ल्यात सडतोय.

माझे तीन अर्ज परत आले. पहिल्यात शाई फिकी होती, दुसऱ्यात महाराजांच्या दोन पदव्या राहिल्या होत्या, तिसऱ्यात पदव्या सगळ्या होत्या पण क्रम चुकला. आता कागदावरचा माझा विश्वास उडालाय. तू दीड वर्ष तिथे आहेस. महाराजांच्या समोर उभं राहून एक वाक्य बोलायला किती दिवस लागतात रे?

पर्नेटताई

*

राजधानी, २० नोव्हेंबर १६४६

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून दिवसभर जेवण गेलं नाही. रागाव, पण झोप लागते असं म्हणू नकोस.

महाराजांच्या समोर उभं राहणं तुला वाटतं तितकं सोपं नाही. दरबारप्रमुख मार्की द कोर्बो मध्ये उभे असतात, आणि त्यांच्या पलीकडचं काही दिसतच नाही. माणूस कमरेने तसा रुंद आहे. पण एक वाट निघालीय. कार्निव्हलमध्ये मोठा बॅले होणार आहे, 'चारी खंडांचं नमन'. बॅले संपला की महाराज खाली उतरतात आणि नाचलेल्या प्रत्येकाशी एक शब्द बोलतात. प्रत्येकाशी! हा रिवाज कोर्बोंनाही मोडता येत नाही. तेव्हा मी बाबांचं नाव काढणार.

तू मागे विचारलं होतंस, बॅले म्हणजे नक्की काय. सहा तास चालतो, त्यात नाच तासभर असेल. बाकीच्या वेळात दोरखंडांवरून ढग खाली येतात, ढगांतून देव उतरतात, देव उतरून महाराजांची स्तुती म्हणतात. मध्ये जेवण. कुणी काय व्हायचं हे नाच बघून ठरत नाही, घराणं बघून ठरतं. कोर्बोंचा भाचा यंदा वायुदेव आहे. त्याला पाच पावलं सरळ टाकता येत नाहीत, म्हणून वाऱ्याची दिशा बदलते असं कवीने घालून दिलंय. ज्यांना खरोखर नाचता येतं ती धंदेवाईक माणसं मुखवटे घालून मागच्या रांगेत, बायकांच्या वेशात. आमचे नृत्यगुरू फाब्रिचो इटलीचे आहेत. ते तालमीत डोळे मिटून बसतात आणि अधूनमधून आईला हाक मारतात.

आनंदाची बातमी ही, की मला भूमिका मिळाली. मी आशिया खंडात आहे. रंगमंचावर माझ्याइतकी जागा दुसरं कुणी व्यापत नाही. महाराजांच्या खुर्चीपासून सहा पावलांवर येतो, आणि परत जाताना सगळ्यांच्या पुढे मी असतो, बाकीचे माझ्यामागून. गुरुजी म्हणाले, या भूमिकेला मजबूत माणूस लागतो.

बाबांना सांग.

तुझा सिजि

*

व्हिलरमे, २ डिसेंबर १६४६

माझ्या गुणी भावा,

मागच्या पत्रातलं सगळं विसर. मी किल्ल्यावर धावतच गेले. पहारेकऱ्याला म्हटलं, आधी आत सोड, मग झडती घे. बाबांना तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सर्वांत जास्त जागा व्यापतो? मग आशियाचा सम्राट असणार." ताई वाढवून सांगतेय, असं तू म्हणशील, पण तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना ताठ बसलेलं बघितलं.

गावात सगळ्यांना सांगितलंय. पाद्रीबुवांनी रविवारी प्रवचनात तुझा उल्लेख केला. आईच्या लग्नाच्या झग्यातलं निळी मखमल उसवून मी तुला आखूड विजार शिवलीय, सोबत पांढरे रेशमी मोजे आहेत. सम्राटाच्या पोटऱ्या दिसायला हव्यात. आपल्या घराण्यात पोटऱ्या सगळ्यांच्या चांगल्या, बाबांचा तो गुडघा तेवढा वैरी निघाला.

डोक्यावर मुकुट आहे की पगडी, ते कळव. तसा पिसांचा तुरा करते.

तुझी ताई

*

राजधानी, १३ डिसेंबर १६४६

प्रिय ताई,

विजार मिळाली. अंगाला नेमकी बसली. तुरा करू नकोस. माझ्या वेशात डोक्याचा भाग दुसऱ्याकडे आहे. तालमी फार आहेत, घाईत लिहितो.

सिजि

*

व्हिलरमे, ४ जानेवारी १६४७

सिजिस्मों,

शेजारची मादाम द शांतमेर्ल राजधानीहून आली आणि आज आपल्याकडे बसायला आली. तालीम बघितली म्हणाली. मी मुद्दाम पाद्रीबुवांना आणि गिरणीवाल्याच्या बायकोलाही बोलावलं होतं. त्यांच्यासमोर विचारलं, आमचा सिजि कसा दिसतो?

ती म्हणाली, "दिसत नाही."

हत्ती? मागचे पाय?

पर्नेट

*

राजधानी, १५ जानेवारी १६४७

प्रिय ताई,

हो. मागचे पाय.

खोटं एकही वाक्य लिहिलं नव्हतं, हे तू पत्र काढून तपासू शकतेस. पण तुला फसवलं, हेही खरं. बाबा ताठ बसले हे वाचलं आणि मला रडू आलं. नंतर खरं सांगायची हिंमत झाली नाही.

घराणं बघून भूमिका ठरतात असं लिहिलं होतं ना? ज्याचा बाप किल्ल्यात, त्याला कोण सम्राट करतो? कोर्बो तर मला घ्यायलाच तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "ज्या घराण्याने महाराजांना पाठ दाखवली, त्याला जनावराच्या पाठीत घाला." सगळे हसले. मीही हसलो ताई, नाहीतर तीही जागा गेली असती.

पण ही जागा तू समजतेस तशी नाही. पुढच्या पायांत तबेल्यातला पोंस आहे. बैलासारखा माणूस, दिवसाला दोन शब्द बोलतो, तेही घोड्यांशी. आत काळोख, वर वेताचा सांगाडा, कातड्याचा वास. मी वाकून पोंसचा कमरपट्टा दोन्ही हातांनी धरतो. येताना तो बघतो, मी मागून चालतो. पण परत जाताना खरी कसोटी! हत्तीलाही महाराजांना पाठ दाखवायची सोय नाही, आणि हत्तीची पाठ म्हणजे केवढी, विचार कर. म्हणून आम्ही उलटं जातो, आणि तेव्हा पुढे मी. मला बाहेरचं काही दिसत नाही. व्हायोलिनच्या सतरा ठोक्यांत अठ्ठावीस पावलं, मध्ये एक वळण, मग दार. निघायची वेळ झाली की मी पोंसच्या कुल्ल्यावर दोन चापट्या मारतो, ती आमची खूण. फाब्रिचो गुरुजींनी परवा सगळ्या सरदारांना थांबवून सांगितलं, "या बॅलेत ताल कुणाला आहे, तर हत्तीच्या मागच्या पायांना." कोर्बोंच्या भाच्याने तोंड फिरवलं.

तेव्हा गावात काय सांगायचं ते सांग. शेवटी महाराज हत्तीपुढेही थांबणार आहेत. कातडं बाजूला करून मी बाहेर येईन आणि बोलेन. एक वाक्य. रोज घोकतो.

तुझा सिजि

ता. क. — मोजे आत घालतो. कुणाला दिसत नाहीत, पण ऊब आहे.

*

व्हिलरमे, २४ जानेवारी १६४७

सिजि,

गिरणीवाल्याच्या बायकोने तुझ्या नावाने गाणं रचलंय. तिचं ते जाऊ दे.

बाबांना सगळं खरं सांगितलं. वाटलं, खचतील. ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि पहारेकरी पाणी घेऊन धावला. मग म्हणाले, "न बघता अठ्ठावीस पावलं उलटी? मला बारा जमली नाहीत. पोराला सांग, गुडघा सांभाळ."

मीही सांगते. सांभाळ. आणि ते एक वाक्य नीट बोल. माझ्याकडे तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

ताई

*

राजधानी, ८ फेब्रुवारी १६४७

ताई, ताई,

बाबा सुटले! हे पहिलं वाच, मग बस, मग पुढचं वाच.

काल बॅले झाला. सकाळीच बातमी आली की महाराजांना ताप आहे, ते येणार नाहीत. महाराज नाहीत म्हणजे शेवटचा तो एक शब्दही नाही. तीन महिने कातड्यात घुसमटलो ते कशासाठी? पण रद्द कसा होणार! खुर्ची आहे ना. चारी खंडांनी खुर्चीला नमन करायचं ठरलं. युरोप आला, खुर्चीपुढे वाकला. आफ्रिका आला, वाकला. पाण्यातून वरुण निघाला, त्याने रिकाम्या गादीला चौऱ्याऐंशी ओळींची स्तुती ऐकवली. कोर्बो खुर्चीच्या बाजूला उभे राहून तिच्या वतीने मान डोलावत होते.

आमची पाळी आली. मी मागून कातड्यात शिरलो तेव्हा पोंस आधीच पुढे होता. मी म्हटलं, "चल गड्या." तो हूं सुद्धा म्हणाला नाही. पावलंही नेहमीपेक्षा हलकी पडत होती, पण मी कुठे लक्ष देतोय! सकाळपासून साठलं होतं ते सगळं त्या काळोखात बाहेर पडलं. आम्ही खुर्चीपुढे गुडघे टेकून बसलो होतो, वर आशियाची राणी गात होती, आणि मी पोंसला सांगत होतो. म्हटलं, "आजही रिकामी, बघ. त्या दिवशीही अशीच रिकामी होती. माझा बाप लंगडत चार पावलं सरळ चालला म्हणून तीन वर्षं आत आहे. आणि खुर्चीचा मालक आत दाढ धरून ओरडत होता. त्याला पत्ता तरी असेल का रे? मला विचारशील तर नसेल. इथे सगळे खुर्चीलाच भितात, माणसाला कुणी विचारत नाही." आणखीही बोललो. सगळं लिहीत नाही.

व्हायोलिनचा ताल बदलला. मी रोजच्यासारख्या दोन चापट्या मारल्या. जरा जोरातच, कारण रागात होतो.

पोंस हललाच नाही. मी आणखी एक मारली. मग तो उठला आणि उलटं जायच्या ऐवजी वळला! मला ओढत, गरकन. मी कमरपट्टा घट्ट धरून कुजबुजतोय, "अरे वेड्या, काय करतोस, मेलो आपण," आणि हत्ती आपलं ढुंगण खुर्चीकडे करून शांतपणे दाराकडे चालत निघाला. व्हायोलिन थांबली. कुणीतरी बाई किंचाळली. कोर्बो ओरडले, "धरा त्या जनावराला!" पहारेकऱ्यांनी मला शेपटीकडून बाहेर खेचलं. विजारीसकट, मोज्यांसकट, सगळ्या दरबारापुढे. मनात म्हटलं, आता बाबांच्या शेजारची खोली.

तेवढ्यात हत्तीचं डोकं खाली आलं आणि आतून महाराज निघाले.

घामाने डबडबलेले, केस विस्कटलेले. स्वतःचा बॅले जवळून बघायचा होता म्हणे, आणि पोंसला आदल्या रात्रीपासून खोलीत कोंडून ठेवलं होतं. महाराज माझ्याकडे बघून म्हणाले, "हत्तीचे मागचे पाय बरंच बोलतात."

माझं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. नाव विचारलं, ते सांगितलं. "व्हिलरमे?" ते म्हणाले. "तो लंगडा म्हातारा? तो अजून आत आहे?"

अजून आत आहे! ताई, ते विसरले होते. किंवा त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षं आपण ज्याला क्रोध समजत होतो, तो क्रोध नव्हताच कुठे. मला हसावं की ओरडावं कळेना. मग महाराज मोठ्याने हसले, आणि लगेच सगळा दरबार हसला. सगळ्यांत मोठ्याने कोर्बो.

आज सकाळी सुटकेच्या हुकमावर सही झाली. तू बर्फगाडी घेऊन किल्ल्यावर जा. घोंगड्या जास्त ने.

तुझा सिजि

*

व्हिलरमे, १४ फेब्रुवारी १६४७

सिजि, माझ्या राजा,

बाबा घरात आहेत. शेकोटीपाशी बसलेत, मांडीवर बकरीचं पिल्लू आहे. खोकतात, पण घरातला खोकला वेगळा असतो. मी उगाच आत-बाहेर करत त्यांना बघून जाते.

गिरणीवाल्याच्या बायकोने गाण्याला नवीन कडवं जोडलंय. त्यात तू हत्तीचं काळीज आहेस.

हुकमासोबत कोर्बो साहेबांचा आणखी एक कागद आहे. ज्याला माफी मिळाली त्याने सव्वीस तारखेला भर दरबारात येऊन आभार मानायचे, आणि आभार मानेपर्यंत दरबारातल्या कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. सरकारी बर्फगाडी इथून घेऊन जाईल, थेट दालनाच्या दारात सोडेल. तू तिथे असशील ना?

ताई

*

राजधानी, १९ फेब्रुवारी १६४७

ताई,

हे पत्र हाती पडताच बाबांना वाचून दाखव. मी टपालवाल्याला शपथ घातलीय.

मी सव्वीसला इथे नसेन. मी आता सरकारी हत्तीचा कायमचा मागचा पाय आहे. हुद्दा मिळालाय, नेमणुकीवर मोहोर आहे. कुणा राजकन्येला दाखवायला उद्या पहाटे हत्ती तळ्याकाठच्या महालात निघतोय, आणि त्याच्याबरोबर मी. कोर्बोंच्या हातापाया पडलो. म्हणाले, "हत्ती अर्धा कसा पाठवणार?"

आता महत्त्वाचं ऐक. इथे सगळं उलटं झालंय. महाराज खुर्चीला पाठ करून गेले ना, त्या दिवसापासून प्रत्येक जण तसाच जातो. फाब्रिचो गुरुजींनी वळायची नवीन गिरकीच बसवली, सरदार सकाळ-संध्याकाळ तिचीच तालीम करतात. इथवर ठीक होतं. पण कोर्बोंनी कायदा केला: आता जो उलट्या पावलांनी जाईल, तो महाराजांच्या हत्तीची नक्कल करून त्यांची टर उडवतो असं समजलं जाईल. वेडेपणा वाटेल तुला. पण त्रेसेर्व्हचा म्हातारा सरदार सवयीने चार पावलं मागे गेला आणि परवा त्याला ग्रीव्हवर पाठवलं. बाबांच्याच खोलीत. ती आठ दिवससुद्धा रिकामी राहिली नाही. महाराजांना हे माहीत आहे का? माहीत नसणार. त्यांना कोण सांगणार, हत्तीत तर आता पुन्हा पोंस आहे.

तेव्हा बाबांना सांग: आभार मानायचे, वळायचं, आणि खुशाल सरळ चालत बाहेर यायचं. त्या दिवशी आले होते तसंच. दुसरं काही करायचं नाही.

सिजि

*

व्हिलरमे, २५ फेब्रुवारी १६४७

प्रिय सिजि,

तुझं पत्र दहा-बारा दिवसांत नाही. घाटात बर्फ कोसळलाय, टपालवाला खालच्या गावात अडकून बसलाय. उतरणाऱ्या बर्फगाडीला जमतं, चढणाऱ्याला नाही. बाबांना न्यायला आलेली माणसंही पलीकडच्या किल्ल्यावरून आली, राजधानीची काही खबर त्यांना नाही. म्हणून हे पत्र त्याच गाडीवाल्याच्या हाती देते आहे. बाबा आत्ताच निघाले.

तू काळजी करत असशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते: काळजी करू नकोस. मी सगळी तयारी करून घेतलीय.

कागद आला त्या दिवशी स्वयंपाकघरातली खुर्ची अंगणात मांडली. बाबांना म्हटलं, हे महाराज. ते म्हणाले, "पर्नेट, खुर्ची रिकामी आहे गं." मी म्हटलं, "तेव्हाही होती." मग मुकाट उठले. पहिल्या दिवशी तीन पावलांत पडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कमरेला दोरी बांधली आणि मागून थोडं थोडं ओढत गेले. गुडघ्याला गरम मेंढीची चरबी चोळली. रात्री कण्हत होते, मी विचारलं तर म्हणाले, बकरी असेल. मला वाईट वाटलं रे. म्हाताऱ्या बापाला अंगणात उलटं चालवते आहे म्हणून एकदा चुलीपाशी बसून रडलेही. पण तुझ्या हत्तीने मिळवलेलं माझ्या आळसाने घालवायचं? छे.

आठव्या दिवशी दोरी सोडली. काल त्यांनी खुर्चीपासून विहिरीपर्यंत, अख्खी तीस पावलं, मान न वळवता, एकदाही न अडखळता पार केली. तुझ्यापेक्षा दोन जास्त. शेवटी वाकून नमस्कारही केला. गिरणीवाल्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. बाबा धापा टाकत होते, पण चेहऱ्यावर असं काही होतं की मी तुला लिहून सांगू शकत नाही.

गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाले, "आता मी पाठ दाखवली असं कुणीही म्हणणार नाही."

उद्या दुपारी दालनात असतील. कोर्बो साहेबांनी डोळे फाडून बघावं म्हणावं. या वेळी बाबा चुकणार नाहीत.

तुझी ताई
पर्नेट